कथेतली थंडी आणि ऊब

महोदय,

रविवार पुरवणीतील कौटुंबिक लघुकथांत दुरावा आला की घरात गारठा पसरतो आणि समेट होताच मायेची ऊब मिळते, हे आता फारच सरावाचे झाले आहे. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, धुक्याने ऊन अडवून धरलेले असताना, पितळी तांब्या लाकडी पाटापेक्षा गार लागतो, कारण धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. सुनेने तो तांब्या न बोलता सासूपुढे सरकवला, एवढे लिहिले तरी पुरे. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या आमच्या गावात (निदान गच्चीवर झोपणाऱ्यांना) ऊब म्हणजेच माया हे समीकरण कसे पटावे? तेव्हा माठाच्या पाण्याने ओला झालेला आईचा हातच कपाळाला हवासा वाटतो. कथांची निवड करताना याचा विचार व्हावा, ही विनंती.

— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर