मुक्ता सही करणार नाही म्हणते

प्रिय विज्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धड आहेत. माझी शुगर आटोक्यात, सुनंदाची पाठ आहे तशीच. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच कलमं सांगायला लागतोस आणि मी ओरडायला लागतो. शिवाय हे ज्याला सांगायचं त्याने नागपुरातल्या गोवारी मोर्चाचा ९४ चा तो नोव्हेंबर डोळ्यांनी पाहिलेला हवा. असा माझ्याकडे तूच उरलास.

गेल्या आठवड्यात आपल्या पोरीला, मुक्ताला, पोलिसांनी उचललं. त्याच दिवशी सोडलं. अंगाला कोणी बोट लावलं नाही.

वीसेक पोट्टे-पोट्टी होते, आपल्या त्याच चौकात, फुटपाथवर. गाझातलं युद्ध थांबवा, एवढंच म्हणणं. माइक नाही, घोषणा नाहीत, रस्ता अडवलेला नाही. हिची पाटी म्हणजे आमच्या नव्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावरचा 'ही बाजू वर' असा छापील बाण तिने पांढऱ्या रंगाने झाकला आणि वर लिहिलं, 'लेकरांवर बॉम्ब नको'. आदल्या रात्री तो पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर वाळत होता. पंखा मीच लावून दिला होता.

पोलिसांना पत्र आधी दिलं होतं, पोचही घेतली होती. उत्तर आलं नाही. ते न येणं म्हणजेच नकार, हे पोरांना गाडीत बसवताना कळलं. जमावबंदी आहे म्हणे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ (३). पंधरा दिवसांच्या वर सरकारच्या मंजुरीशिवाय तो आदेश चालत नाही, म्हणून पंधरवडा संपला की नवा काढायचा. तूच सांगायचास हे.

ठाण्यात फोन गोळा केले. नाव, बापाचं नाव, आधार, कॉलेज, कुणी बोलावलं, ग्रुप कोण चालवतं, सगळं लिहून घेतलं. मग एकेकाला भिंतीशी उभं करून, छातीशी पाटी धरायला लावून फोटो. फोटो काढणाऱ्याने मुक्ताला दोनदा सांगितलं, पुठ्ठा सरळ धर. एक लेडीज कॉन्स्टेबल होती, गोंदियाकडची, तिने स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी पोरींना दिली. मुक्ता तिच्याबद्दल फार आपुलकीने बोलते. दिवस मावळायच्या आत पोरींना सोडलं. पोट्टे रात्री उशिरा सुटले.

आणि सोडताना प्रत्येकाच्या पुढे एक टाइप केलेला कागद सरकवला. हमीपत्र. 'यापुढे मी कोणत्याही आंदोलनात सहभागी होणार नाही.' खाली ज्याची त्याची सही, त्याखाली पालकाची. बहुतेकांच्या आईबापांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मुक्ता म्हणाली, घरी वाचून सांगते. त्यांनी सोमवार दिला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला की पोरीला जरा समजवा.

विजू, आता जो भेटतो तो म्हणतो, मारलं तर नाही ना? साळवी भाऊजी म्हणाले, नशीब समजा. सुनंदानेही देवाजवळ दिवा लावला. मलाच ते नशीब मानता येत नाही, आणि का येत नाही हे इथे कुणाला समजावता येत नाही. ९४ साली गोवारी बायाबापड्या ऐकून घेणारं कुणीतरी येईल म्हणून दिवसभर थांबल्या होत्या. मग लाठी, मग चेंगराचेंगरी. ११४ जीव, बहुतेक बाया आणि लेकरं. संध्याकाळी तू रस्त्यावरच्या चपला उचलून कडेला ठेवत होतास आणि मी तुला ओढत होतो. त्या रात्री तू म्हणालास, यापुढे या शहरात निदान गुमान उभ्या असलेल्या माणसाला कुणी भीती दाखवणार नाही. मी ते वाक्य धरून बसलो होतो. आता लाठी काढावीच लागत नाही. एक फॉर्म, एक फोटो, कॉलेजात एक फोन, बापाची सही. वीस पोरांतली पंधरा पुन्हा चौकात यायची नाहीत. आणि जखम नाही, म्हणून दाखवायचं काय?

तू म्हणशील, गाझा कुठे नि गोकुळपेठ कुठे. म्हणशीलच! २००३ ला इराकच्या वेळी हेच म्हणाला होतास, 'बगदाद कुठे, बुटीबोरी कुठे', आणि तर्री-पोह्याच्या टपरीवर आपण असे भांडलो की टपरीवाल्याने पैसे आधी मागून घेतले. त्यातले माझे अजून तुझ्याकडे आहेत. हायकोर्टानेही गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैत, जवळपास तुझंच म्हटलं. आझाद मैदानावर गाझासाठी सभा घेऊ द्या म्हणून कम्युनिस्ट गेले, तर आधी आपल्या देशातले प्रश्न बघा असं ऐकून परत आले. पुढे ऑगस्टात पोलिसांनी परवानगी दिली, सभा झाली, मुंबई जागेवर आहे.

पण दूरच्या युद्धाविरुद्ध बोलणं हे परक्यांचं खूळ नाही रे. पवनार आपल्यापासून किती लांब? १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा तिथे उभे राहिले ते युद्धाविरुद्धच. गांधींनी मुद्दाम एकेकटा माणूस निवडला, गर्दी नको म्हणून. कधी, कुठे बोलणार हे सत्याग्रही मॅजिस्ट्रेटला आधी कळवत. तरी चार दिवसांत अटक आणि तीन महिने कैद. मुक्ताला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, पोच तर आम्हीपण घेतली होती.

तिला मग ती इंग्लंडची गोष्टही सांगितली, तू कात्रण पाठवलं होतंस ती. मार्च २००३, इराकवर बॉम्ब टाकणारी विमानं फेअरफर्डच्या तळावरून उडत होती. तिकडे निदर्शनाला निघालेल्या तीन बस पोलिसांनी अडवल्या, झडती घेतली आणि सव्वाशेएक माणसांना तसंच बसमध्ये कोंडून, पुढेमागे पोलीस लावून लंडनला परत नेलं. अडीच तास, लघवीलासुद्धा थांबू दिलं नाही. तिथेही कुणाला मारलं नव्हतं. २००६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ते बेकायदेशीर ठरवलं. ती लढाई एका बाईने तीन वर्षांहून जास्त नेटाने चालवली. मुक्ता ऐकत होती, आणि मला मात्र मनात धास्ती, की मी हिला उगाच बळ देतोय का?

कारण धास्ती खरी आहे. ती एमपीएससीला बसतेय. उद्या चारित्र्य पडताळणी आली, पासपोर्ट आला, तर तो फोटो कुठल्या फायलीतून निघेल? सुनंदा रात्री दोनला उठून म्हणते, करून टाक ना सही, कागदच तर आहे. मी गप्प राहतो. तिला चूक म्हणण्याची माझी छाती नाही. पण एकविसाव्या वर्षी पोरीने लिहून द्यायचं की मी जन्मभर कशाविरुद्ध उभी राहणार नाही, आणि त्याखाली बापाने सही करायची? माझा हात उठत नाही.

म्हणून तुझी जुनी पुस्तकं काढली. माळ्यावर ठेवून गेलास ती, वाळवी नाही लागली. महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम ६९. पोलिसांचा हुकूम मानला नाही तर माणसाला हटवता येतं, मग मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं, नाहीतर किरकोळ बाब असेल तर प्रसंग सरल्यावर सोडून द्यायचं. हमीपत्र कुठेच नाही. शांतता राखायचा बाँड हवाच असेल तर रीतसर चॅप्टर केस करा, पूर्वी सीआरपीसीची १०७, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याची १२६. कारणं लेखी द्या, म्हणणं ऐका. टेबलावरून कागद सरकवून सही घेणं यातलं काहीच नाही. बरोबर वाचलं ना मी? आणि माजलगावच्या, नागरिकत्व कायद्याविरोधातल्या धरण्याचा तो निकाल, फेब्रुवारी २०२०, हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. तिथेही आडवी आलेली ३७ च होती ना? तो आदेश कोर्टाने रद्द केला, आणि एका कायद्याला विरोध करतात म्हणून कुणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असंही लिहिलं. ती प्रत असेल तर पाठव.

तुझं कसं चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन करून घे बावा, पुण्यात डॉक्टर काय कमी आहेत? रोहनच्या लग्नाचं वहिनींकडून कळलं, फार बरं वाटलं. तारीख उन्हाळ्यातली धरू नका, तेवढं पाहा.

सोमवारी मी मुक्तासोबत ठाण्यात जातोय. तिने सही करायची नाही असं ठरवलंय आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे. तू एवढं कर. दोन-चार ओळींचा अर्ज लिहून दे, की हमीपत्र कोणत्या कलमाखाली मागता ते लेखी कळवा, आणि घेतलेले फोटो कशासाठी ठेवले तेही. मराठीत लिही, तुझ्या त्या हायकोर्टी इंग्रजीत नको, ठाणेदाराला वाचता आलं पाहिजे. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून या पत्राचे फोटो व्हॉट्सॲपवरही टाकतोय. रविवारपर्यंत अर्ज पाठव. आणि फोन केलास तर मला नको, मुक्ताला कर. विजूकाका काय म्हणतात, असं तिने दोनदा विचारलंय.

तुझा,
दिल्या