गोधडीची मांडणी बदलताना

कोथरूड, पुणे

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. फोटो पाहिला. आठ-आठ तुकड्यांच्या दहा पट्ट्या जोडून झाल्यावर तुला सरळ चौकटी नकोत, शंकरपाळ्यांसारखी मांडणी हवी आहे. अजून आतल्या साड्या लावलेल्या नाहीत, त्यामुळे खुशाल बदल. थर लावून धावदोरा घातल्यावर मात्र मी नको म्हटलं असतं, कारण तेव्हा उसवलं की जुन्या सुती साडीला भोकं राहतात.

उसवायच्या आधी हिशेब बघ. तुझा तुकडा ६ इंची, दोन्हीकडे पाव इंच शिवणीत जाऊन उरतो साडेपाच. सरळ मांडणीत पुढा, म्हणजे तुकड्यांचा वरचा थर, ४४ बाय ५५ इंच होतो. तेच तुकडे टोकावर उभे केले की प्रत्येकाची रुंदी कर्णाएवढी, म्हणजे जवळपास पावणेआठ इंच होते. आडवे ६ आणि उभे ८ घेतलेस तर हे ४८ आणि त्यांच्या मधल्या खाचांत बसणारे ३५, असे ८३ तुकडे लागतात आणि पुढा साधारण ४७ बाय ६२ चा होतो. तुझ्याकडे ८० आहेत, तीनच नवे काप.

सगळं सुटं करू नकोस! फक्त लांब शिवणी उसव, आठाच्या पट्ट्या तशाच ठेव. तिरक्या ओळी १३ येतात: १, ३, ५, ७, ९, ११, ११, ११, ९, ७, ५, ३, १. दोन पट्ट्यांतून तीन-तीन तुकडे काढलेस की पाचाच्या ओळी झाल्या. ते तीन-तीन दोन अकराच्या ओळींना जोड, तिसरीला नवे तीन लाव. आणखी दोन पट्ट्यांतून एकेक काढून साताच्या कर, निघालेले दोन नवाच्या ओळींना दे. उरलेल्या एका पट्टीतून ३, ३, १, १. तुझे रंग मिसळलेले आहेत म्हणून हे बसतं. गडद-फिका एकाआड एक असता तर एका रंगाचे ४८ आणि दुसऱ्याचे ३५ लागले असते, मग ही जोडणी जमली नसती.

उसवताना एका बाजूने दर चौथा टाका काप आणि उलट बाजूचा दोरा ओढ. कापड ओढू नकोस, कडेचे दोरे सुटले की शिवणीत जाणारं पाव इंच कापड उरत नाही.

खरी मेख कडेच्या खाचा भरणाऱ्या त्रिकोणांत आहे. २४ लागतील. त्यासाठी ९ इंचाचे सहा चौकोन घे आणि प्रत्येक दोन्ही कर्णांवर कापून चार कर. असं केलं की लांब बाजू सरळ धाग्यावर येते. ६ इंची चौकोन अर्धा करून लावलास तर तीच बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी येते, ताणते, आणि गोधडीच्या कडेला लहरी पडतात. नंतर कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. कोपऱ्यांचे चार त्रिकोण मात्र पावणेपाच इंचाचे दोन चौकोन एकाच कर्णावर कापून कर. ४४ इंच पन्ह्याचं अर्धा मीटर सुती कापड या सगळ्याला पुरतं, रविवार पेठेत सहज मिळेल. आधी धुऊन, हलकी खळ देऊन, मग काप.

त्रिकोण जोडताना काटकोनाचा कोपरा तुकड्याच्या कोपऱ्याशी जुळव, निमुळतं टोक बाहेर जाऊ दे. कोपऱ्याचे दोन त्रिकोण एकेकट्या तुकड्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि दोन पहिल्या व शेवटच्या अकराच्या ओळींच्या विरुद्ध टोकांना. शेजारच्या ओळींच्या शिवणी उलट दिशांना दाब, म्हणजे चौक नीट जुळतात. इस्त्री घासू नकोस, नुसती टेकव.

कड छाटताना तुकड्यांच्या टोकापुढे पाव इंच राख, नाहीतर काठ टोकं खाऊन टाकेल. काठाला ७ इंची पट्ट्या घेतल्यास की गोधडी ६० बाय ७५ होईल. एका साडीच्या दोन्ही काठांकडून त्या निघतात. लांबी कडेवर मोजू नकोस, मधोमध मोज.

पट्ट्या उसवण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी टाचून नंबर दे, आणि १३ ओळी पलंगावर मांडून मला फोटो पाठव. एकाच लुगड्याचे दोन तुकडे शेजारी आले असतील तर ओळ उलटी फिरवून बघ, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

तुझी,
वासंती