आउटपुटचा क्रम जुळला नाही म्हणून गुण कापू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

पायथन, जावा आणि सी प्लस प्लसच्या प्रॅक्टिकलला हमखास येणारा प्रश्न असतो: दिलेल्या संग्रहातल्या सगळ्या ‘कीज’, म्हणजे ज्या नावाने किंवा नंबराने नोंद शोधतात ती नावे, लूप फिरवून (तीच कृती एकेका नोंदीवर करत) छापा. (मराठीत ‘की’ हे अव्यय सारखे आड येते, म्हणून इथे किल्ली म्हणतो.) जर्नलात चिकटवलेले आउटपुट आणि मुलाच्या पडद्यावरचे आउटपुट यांचा क्रम वेगळा दिसला, तर कार्यक्रम (प्रोग्राम) चुकला असे धरून गुण कापले जातात. कैक वेळा चूक मुलाची नसतेच. त्या संग्रहाने क्रमाची हमीच दिलेली नसते.

आपल्या मार्केट यार्डातला हिशेब घ्या. लॉट नंबर ही किल्ली, हळदीचे वजन ही त्या किल्लीसमोरची नोंद (व्हॅल्यू). जावाच्या हॅशमॅप या अशा जोड्यांच्या संग्रहात 1, 2, 17 या क्रमाने तीन लॉट भरले आणि किल्ल्या छापल्या, तर 1, 17, 2 असे येते. कारण सरळ आहे. हॅशमॅप सुरुवातीला 16 खणांचा असतो. 17 ला 16 ने भागले तर बाकी 1, म्हणून 17 नंबर पहिल्याच्या खणात त्याच्या मागे जाऊन बसतो. वर्गात मात्र उदाहरणे 1 ते 10 अशीच देतात. ती ओळीने छापली जातात आणि हॅशमॅप क्रम लावून देतो असा समज पक्का होतो. किल्ल्या घातलेल्या क्रमाने हव्या असतील तर लिंक्डहॅशमॅप, चढत्या क्रमाने हव्या असतील तर ट्रीमॅप. सी प्लस प्लसमध्ये साधा मॅप किल्ल्या चढत्या लावूनच ठेवतो, अनऑर्डर्ड मॅप कसलीच खात्री देत नाही. गो भाषेत तर 2012 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून मॅपवरचा लूप मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू केला जातो, म्हणजे क्रमावर कुणी विसंबायलाच नको. ही पद्धत कडक वाटते, पण शिकवायला उत्तम.

पायथनमध्ये अशा जोड्यांच्या संग्रहाला डिक्शनरी म्हणतात; तिच्यात भरलेला क्रम टिकण्याची हमी 3.7 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून आहे. त्याआधीची पुस्तके अजून वाचनालयात आहेत आणि ‘डिक्शनरीला क्रम नसतो’ हे वाक्य त्यांतून आजही परीक्षेत उतरते. सेटला (जोड्या नसलेल्या, नुसत्या वेगवेगळ्या घटकांच्या संग्रहाला) मात्र आजही क्रम नाही. त्यात शब्द असतील तर तोच कार्यक्रम दोनदा चालवला तरी क्रम बदलू शकतो.

जावास्क्रिप्टचा चकवा आणखी वेगळा. साध्या ऑब्जेक्टमध्ये 410, 37 आणि ‘अ12’ अशा किल्ल्या या क्रमाने घातल्या, तर ‘ऑब्जेक्ट.कीज’ 37, 410, अ12 अशा परत देते: आधी पूर्णांक चढत्या क्रमाने, मग बाकीच्या घातलेल्या क्रमाने. लॉट नंबर ‘037’ असा शून्य लावून लिहिला, तर तो पूर्णांकांत धरला जात नाही आणि मागच्या रांगेत जातो. सौदा ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने यादी हवी असेल, तर तिथे मॅपच वापरावा. पण मॅपवर ‘ऑब्जेक्ट.कीज’ चालवले तर रिकामी यादी येते, एरर येत नाही. मॅपच्या किल्ल्या त्याच्या स्वतःच्या ‘कीज’ने मागाव्या लागतात. आणि ॲरेवर (ओळीने मांडलेल्या घटकांच्या यादीवर) ‘फॉर इन’ हा लूप फिरवू नये. त्यात मिळणारा निर्देशांक, म्हणजे घटकाच्या जागेचा नंबर, हा आकडा नसून मजकूर असतो, त्यामुळे पुढचा घटक गाठायला 0 मध्ये 1 मिळवले तर ‘01’ होते.

लूप चालू असतानाच त्यातली नोंद काढून टाकणे, ही त्याहून मोठी खोड. पायथनच्या डिक्शनरीत असे केले तर कार्यक्रम निदान आकार बदलल्याची एरर देऊन थांबतो. लिस्ट गप्प राहते. हळद, गूळ, गूळ, बेदाणा या यादीतून लूपमध्ये गूळ काढा. पहिला गूळ निघताच दुसरा त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र एक पाऊल पुढे गेलेला असतो, आणि एक गूळ यादीत तसाच राहतो. जावाच्या ॲरेलिस्टमध्ये लूप चालू असताना शेवटून दुसरा घटक काढला तर बदल केल्याची नेहमीची एररसुद्धा येत नाही. लूप शेवटचा घटक न बघताच संपतो. चाचणीत हे सापडत नाही, गिऱ्हाइकाच्या हिशेबपट्टीत सापडते.

उपाय एका ओळीचे आहेत. पायथनमध्ये डिक्शनरीच्या किल्ल्यांची आधी लिस्ट करून घ्या आणि त्या प्रतीवर लूप फिरवा. लिस्टसाठी गाळलेली नवी लिस्ट बनवा. जावामध्ये इटरेटरचे (लूप कुठवर आला ते धरून ठेवणाऱ्याचे) स्वतःचे रिमूव्ह किंवा ‘रिमूव्ह इफ’ वापरा. सी प्लस प्लसमध्ये इरेज पुढचा इटरेटर परत देते, तोच धरून पुढे जा. क्रम हवा असेल तर तो स्वतः लावा, पण किल्ल्या मजकूर असतील तर ‘10’ हा ‘9’ च्या आधी येतो हे ध्यानात ठेवा. जावास्क्रिप्टचा सॉर्ट आकड्यांनाही मजकूर समजूनच लावतो, त्याला दोन आकड्यांची वजाबाकी करणारे फंक्शन द्यावे लागते.

परीक्षकांना विनंती एवढीच, की प्रश्नातच ‘किल्ल्या चढत्या क्रमाने छापा’ किंवा ‘कोणत्याही क्रमाने चालेल’ असे लिहावे. आणि तोंडी परीक्षेत लूपची व्याख्या विचारण्यापेक्षा 1, 2, 17 चे उदाहरण समोर ठेवावे.

आपले,
संगणक क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
सांगली