घाट कर, पण खिडकी उघडून

॥ श्री ॥

पुणे

चि. ईशा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेबलावर तू खंडाळ्याच्या रेल्वेघाटाची जी छोटी प्रतिकृती करते आहेस, त्या घाटाचा फोटो मंगळवारी मिळाला आणि तुला रात्री इस्पितळात न्यावे लागल्याची बातमी गुरुवारी. फोटो तू पाठवलास. बातमी समीररावांनी दिली, तीही मी खोदून खोदून विचारल्यावर. त्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही असे ठरवून बसले आहे. फोनवर बोलायला लागलो की आपले काय होते ते तुला माहीत आहे, आणि गेल्या दिवाळीचे तर नावच नको. तेव्हा हे पत्र फक्त घाटाबद्दल आहे असे समज.

घाट सुरेख होतो आहे. मी तो फोटो मोठा करून भिंग लावून पाहिला. तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या बाईला खूश करणे सोपे नसते, पण पाठीमागच्या डोंगरात तू उभा कडा, त्याखाली गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा ज्या पायऱ्या काढल्या आहेस, त्या पाहून मी बाबांना स्वयंपाकघरातून हाक मारली. सह्याद्री असाच बांधलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतला टणक बेसॉल्ट कडा होऊन उभा राहिला आणि सच्छिद्र, लवकर झिजणारा थर उतार झाला. हे तुला आठवीत शिकवले होते तेव्हा तू बाकाखाली गोष्टीचे पुस्तक वाचत होतीस, अशी माझी समजूत होती.

मात्र डाव्या बोगद्याच्या तोंडावर जो खडक लावला आहेस तो आपला नाही. तो तिकडच्या दुकानातल्या तयार साच्यातला असावा, कारण त्याचे थर तिरपे, कललेले आहेत. आल्प्समध्ये ते शोभेल, कारण तिथे थर मुडपले गेले, उचलले गेले. आपल्याकडे थर जवळजवळ आडवे राहिले, इतके की दरीच्या या अंगाला कड्याची जी पातळी दिसते तीच समोरच्या अंगालाही सापडते. तेव्हा टेबलाच्या एका टोकाला दोरी धरून सगळ्या डोंगरांवर पेन्सिलीने एकाच उंचीची रेघ मारून घे आणि कड्याचा माथा त्या रेघेवर येऊ दे. एवढ्या एका गोष्टीने पाहणाऱ्याला, कारण न कळताही, हा खंडाळा आहे असे वाटेल. थरांच्या मध्ये कुठेतरी विटकरी रंगाची बोटभरही नसलेली पट्टी दे. लाव्हाच्या दोन थरांमधली ती लाल माती आपल्या घाटात जागोजागी दिसते.

बेबीमावशीच्या बंगल्यामागच्या दरडीवरून मी रबराचा जो साचा घेतला होता, तो तुला पाठवते आहे. द्रवरूप लॅटेक्सचे हात एकावर एक देऊन आणि मध्ये गॉजपट्टी घालून केलेला आहे, त्यामुळे अजून फाटलेला नाही. त्यात प्लास्टर ओतलेस की खरा बेसॉल्ट मिळेल, त्याच्या उभ्या भेगांसकट. ओतण्यापूर्वी साचा साबणाच्या पाण्याने ओला करायचा, आणि प्लास्टर नेहमी पाण्यात घालायचे, पाणी प्लास्टरमध्ये नाही. पिठी भुरभुरताना डबा तोंडाजवळ धरू नकोस. त्या वेळी मास्क लाव आणि खिडकी उघडी ठेव. फोटोत तुझी खिडकी बंद होती आणि काचेवर बर्फ होता. मी काही मुद्दाम पाहिले नाही, ते दिसलेच.

रंगाबद्दल. पुष्कळ लोक बेसॉल्ट काळा म्हणून काळ्या रंगानेच सुरुवात करतात आणि मग डोंगर कोळशाच्या वखारीसारखा दिसतो. कोरड्या दिवसांत तो खडक करडा-तपकिरी असतो, कुठे किंचित जांभळट. पांढऱ्या प्लास्टरवर आधी पातळ केलेल्या मातकट पिवळ्या आणि तपकिरी रंगाचे ठिपके जागोजागी दे, ते ओले असतानाच एकमेकांत मिसळू देत. वाळल्यावर पुष्कळ पाणी घातलेल्या काळ्या रंगाचा एक हात सगळ्यावरून फिरव. तो भेगांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप तयार होते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा रंग फक्त कडांवरून ओढ. बोगद्याच्या कमानीवर मात्र काळे चालेल, कारण वाफेच्या इंजिनांच्या धुराचे डाग तिथे पिढ्यान्‌पिढ्या साचले आहेत, आणि त्याखाली पावसाळ्यात पाझरणाऱ्या पाण्याचे शेवाळी व पांढरट ओघळ असतात. हे सगळे ॲक्रिलिकमध्ये, पाण्यावर होते. स्प्रेचा डबा यात कुठेही लागत नाही.

आता ऋतू. ईशा, तुझ्या घाटात एकाच वेळी जुलै आणि फेब्रुवारी आहेत. उतार आषाढातले, हिरवेकंच, आणि त्यांत पांगारा लाल फुललेला. पांगारा फुलतो तेव्हा गवत केव्हाच वाळून पिवळे पडलेले असते. तुला फुललेले झाड हवेच असेल तर सगळा डोंगर शिशिरातला कर: गवत पेंढ्याच्या रंगाचे, कारवीच्या नुसत्या काड्या, आणि मधूनच एखादी निष्पर्ण काटेसावर. काटेसावर करायला फार सोपी आहे. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करायचे, ठरावीक अंतरावर त्या आडव्या फाकवायच्या, कारण तिच्या फांद्या मजल्यामजल्याने चक्राकार फुटतात, आणि टोकांना लाल ठिपके. झाड लहान करू नकोस. पंधरा मीटरचे झाड 1:87 ला, म्हणजे तुझ्या प्रतिकृतीच्या प्रमाणात, सतरा सेंटिमीटर भरते, म्हणजे तुझ्या वितीएवढे. तुझी सगळी झाडे बोटाएवढी आहेत आणि त्यामुळे इंजिन राक्षसासारखे दिसते आहे. लहान झाडे मागच्या डोंगरावर लाव आणि तिथले रंग फिकट, निळसर होऊ देत. खऱ्या चढणीत गाडी 558 मीटर वर येते, ती या प्रमाणात साडेसहा मीटरांच्या घरात जाते. तुझ्या खोलीला तेवढे छत नाही, तेव्हा नजरेला फसवण्यावाचून इलाज नाही. रुळांचा चढ मात्र खरा ठेव. 1 ला 37, म्हणजे तुझ्या अडीच मीटरच्या टेबलावर जेमतेम सात सेंटिमीटर. बाबांचे यावर एक लांबलचक मत आहे, ते ते स्वतः कळवतील.

गवतापाशी आले की माझा निश्चय डळमळतो. विजेच्या भाराने उभे राहणारे ते नायलॉनचे तंतू किती खरे दिसतात ते मी पाहिले आहे. ताज्या गोंदावर तो चाळणीसारखा डबा हलवला की एकेक तंतू ताठ उभा राहतो. पण जे चिकटत नाहीत ते हवेत जातात. नायलॉनचे बारीक तंतू तयार करणाऱ्या कारखान्यांत कामगारांच्या फुफ्फुसांना विकार झाल्याचे 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे. घरी डबाभर गवत लावणारीचे आणि कारखान्यात राबणाऱ्याचे सारखे नसते, हे मला कळते. तरी तुझी छाती कारखान्यातल्या धडधाकट माणसाची नाही. उरलेले गवत व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जुना पायमोजा बांधून ओढून घे, फुंकर मारू नकोस आणि ब्रशने झाडू नकोस. फोम कापायला तापलेली तार वापरत असशील तर ते काम गॅलरीत. त्याचा धूर चांगला नाही. त्यापेक्षा धारदार सुरी बरी. घासायचेच असेल तर पाणी शिंपडून ओले घास. इन्स्टंट गोंदाच्या वाफेने दम्याची उबळ येऊ शकते, त्याऐवजी पांढरा गोंद घे, अर्धे पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून. आणि घरात पडलेले एफएफपी2 मास्क धुळीला चालतात, वाफेला नाही. वाफेला कोळशाच्या फिल्टरचा मास्क लागतो.

शिकवणी सुरू झाली. रागावू नकोस. तू चौतिशीची आहेस, पूल बांधतेस, खऱ्या पुलांची गणिते करतेस, हे मला ठाऊक आहे आणि ते मी सोसायटीत ज्याला त्याला सांगत असते.

पण तुला तो किल्ला आठवतो का? दादाने अंगणात विटा रचल्या होत्या, त्यांवर गोणपाट पसरून तू चिखलाचा राडा थापत होतीस. तू आता जाळीवर प्लास्टरची पट्टी पसरतेस ती हीच रीत, फक्त चिखलाऐवजी प्लास्टर. उतारावर अळीव पेरले होते आणि पाचव्या दिवशी शिवाजी महाराजांच्या पायाशी हिरवे रान उगवले. तुला मात्र लाल माती बारीकच हवी होती. खडे चालत नव्हते. ओसरीवर बसून तू दुपारभर पिठाच्या चाळणीने माती चाळलीस आणि रात्री तुझ्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. बाबा आजही म्हणतात की ते फटाक्यांच्या धुराने झाले. मला ते कधीच पटले नाही. इस्पितळात नेब्युलायझरचा मुखवटा तोंडावर असताना तू हाताने खुणा करून विचारत होतीस की अळिवाला पाणी कोणी घातले का. घातले होते, दादाने.

त्याच्या पुढच्या वर्षी कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय नुकतेच सुरू झाले होते तिथे तुला नेले, आणि दिवे मंद झाल्यावर घराघरांतून उजेड लागला तेव्हा तू माझा हात सोडून काचेला नाक लावलेस. बाबा गाड्या पाहत होते. तू डोंगर पाहत होतीस आणि मला विचारलेस, ‘ही झाडे कशाची?’ आता तू हॅम्बुर्गला राहतेस, जिथे किलोमीटरचे किलोमीटर छोटे रूळ एका जुन्या गोदामात पसरले आहेत, आणि तिथे दर महिन्याला जाऊनही तुला करावासा वाटला तो ठाकूरवाडी ते मंकी हिल. याचे मला काय वाटते ते लिहिता येत नाही.

खऱ्या घाटाचा इतिहास तुला माहीत आहे. सॉलोमन ट्रेडवेल कंत्राट घेऊन आला आणि 1859 मध्ये येताच आजाराने गेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते कंत्राट पुढे चालवले आणि 1863 मध्ये गाडी घाट चढली. वर्गात ॲलिसची गोष्ट सांगितली की मुली ताठ बसत. दगड फोडणारे किती मजूर पटकी-तापाने गेले त्यांची नावेसुद्धा कुठे नाहीत. त्या घाटाने पुष्कळ माणसे घेतली, ते इतिहासात झाले. 1:87 च्या घाटानेही कोणाला रुग्णवाहिकेत घालावे, हे मला मान्य नाही.

तू मला कळवले नाहीस याचे वाईट वाटले, पण त्यावर मी काही म्हणणार नाही. तू म्हणशील, ‘सांगितले असते तर तू मला हे काम सोडायला लावले असतेस.’ लावले असते, पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मीच तुला साचा पाठवला असता. बाबांना मी अजून सांगितलेले नाही. त्यांना वाटते फोटो उशिरा आला म्हणून मी गप्प आहे. त्यांच्याशी बोलशील तेव्हा चढाबद्दलच बोल.

समीररावांना आशीर्वाद. त्यांना सांग की त्या खोलीत झोपू नका. ओले प्लास्टर आणि गोंद वाळेपर्यंत दार लावून, खिडकी किलकिली ठेवा. थंडी वाजली तर वाजू द्या.

तुझी,
आई

ता. क. रुळांखालची खडी तू फिकट करडी घातली आहेस; ती जर्मनीची आहे. आपली खडी बेसॉल्टची, गडद असते. पन्नास मिलिमीटरचा दगड 1:87 ला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा होतो, तेवढीच जाड घे, बारीक पूड नको. खरी माती वापरणार असलीस तर आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरव, नाहीतर लोखंडाचे कण इंजिनच्या मोटरीत जातात. माती चाळायची झाली तर ती समीररावांना चाळायला दे, आणि तू त्या वेळी दुसऱ्या खोलीत बस. पुढची तपासणी कधी आहे आणि नवा पंप दिवसातून किती वेळा घ्यायचा आहे, एवढे दोनच ओळींत कळव.