फार्नबरोच्या विमान अपघात तपास अधिकाऱ्यांना आभाराचं पत्र

माननीय तपास अधिकारी,
सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. तुम्ही ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेत काम करता आणि मी एका वैमानिक मुलीची आई. तिने इंग्लंडमध्ये खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. एका इंजिनाची छोटी विमानं का पडतात हे समजून घ्यायचं म्हणून एमिलियानो सालाच्या अपघातावरचा तुमचा अहवाल वाचायला घेतला. अडेल तिथे लेकीला विचारत शेवटपर्यंत वाचला.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री हा अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू फ्रान्समधल्या नांतहून वेल्समधल्या कार्डिफला निघाला होता. पायपर मालिबू जातीचं ते विमान इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाजवळ रडारवरून दिसेनासं झालं. ३ फेब्रुवारीला डेव्हिड मर्न्स यांच्या खासगी शोधमोहिमेला अवशेषांचा ठावठिकाणा लागला. समुद्राच्या तळाशी, ६८ मीटर खोल. सालाचा देह वर काढता आला, वैमानिक मात्र सापडलाच नाही. पुढे हवामान बिघडलं आणि विमान तिथेच राहिलं.

म्हणजे तुमच्या हाती ना इंजिन, ना इंजिनाचा धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा पाइप. रडारच्या नोंदी, पाणबुडी यंत्राने टिपलेली दृश्यं आणि सालाच्या रक्ताची तपासणी, एवढ्यावर तुम्ही काम केलंत. त्या रक्तातलं ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं निघालं. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं की धडधाकट माणसाच्याही जिवावर बेतू शकतं. एक्झॉस्टमधून गळणारा वायू केबिनमध्ये शिरला असावा आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असा निष्कर्ष तुम्ही काढलात. आमच्याकडे गॅस गीझरमुळे बंद बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या याच वायूच्या. वास नाही, रंग नाही. कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. वैमानिकाने रात्रीच्या उड्डाणाचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं, आणि वेगात वळण घेताना ताबा सुटून विमान हवेतच तुटलं. हे तुम्ही स्वच्छ लिहिलंत. सगळं खापर त्याच्यावर फोडून फाइल बंद करता आली असती. तुमचं काम दोषी ठरवायचं नाही, पुढचा अपघात टाळायचा आहे, हा नियम तुम्ही खरोखर पाळलात. एक्झॉस्टची नेहमीची तपासणी केली तरी विषबाधेचा धोका पुरता जात नाही, आणि त्या विमानात धोक्याचा इशारा देणारं उपकरणच नव्हतं, हेही तुम्ही तितक्याच ठळकपणे मांडलंत. मार्च २०२० च्या अंतिम अहवालात ब्रिटन, युरोप आणि अमेरिका, तिन्हीकडच्या नियामकांना असं उपकरण सक्तीचं करायची शिफारस केलीत.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून ते सक्तीचं झालं. पिस्टन इंजिनाच्या विमानात वैमानिक नसलेला प्रवासी बसणार असेल, तर इशारा देणारं उपकरण हवंच. तो प्रवासी म्हणजे मीच की! गेल्या हिवाळ्यात लेकीने मला वर नेलं. इंजिन सुरू करायच्या आधी तिने डॅशवरच्या काडेपेटीएवढ्या डबीचं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला आणि कान किटतील असा आवाज आला. "आई, हा वाजला की हीटर बंद, ताज्या हवेच्या खिडक्या उघड्या, आणि जवळ दिसेल त्या धावपट्टीवर उतरायचं. वाद घालायचा नाही," ती म्हणाली. बाहेर कडाक्याची थंडी, हीटर चालू, आणि ही गरम हवा एक्झॉस्टच्या पाइपाभोवतून येते हे मला तुमच्यामुळे ठाऊक झालेलं. तरी मी निर्धास्त बसले. खाली हिरवी शेतं बघितली, फोटो काढले.

ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही, अशा लोकांसाठी तुम्ही महिनोन्‌महिने हे काम करता. अपघातात गेलेल्यांच्या घरच्यांना भेटणं, मृतदेहांचे अहवाल वाचणं, तेही तुमच्याच वाट्याला येतं. त्या सगळ्यासाठी मनापासून आभार. मर्न्स यांच्यापर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांचेही.

एकच विनंती. युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांकडे या शिफारशीचा पाठपुरावा सोडू नका. लेकीला पुढे तिकडेही उडायचं आहे.

आपली कृतज्ञ,
एका वैमानिक मुलीची आई