बाबा, तुम्ही विचारले म्हणून

पासाडेना, कॅलिफोर्निया
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना वैशालीचा साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होते आणि आईने दिलेले मेतकूट अजून पुरते आहे. नोकरीचे दर आठवड्याला सांगतेच, ते इथे पुन्हा लिहीत नाही. फोन असताना पत्र कशाला, असे आई म्हणेल. पण बाबांनी गेल्या खेपेला जे विचारले ते फोनवर बोलण्यासारखे नव्हते, कारण आपला फोन स्पीकरवर असतो आणि सोप्यात बसलेले निम्मे येळ्ळूर तो ऐकते.

अश्विनीला आलेले स्थळ आत्या ज्या महाराजांच्या पंथात गेली त्या मंडळींपैकी आहे. मुलाचे वडील सांगतात की थोरले महाराज गेल्यापासून तिकडे पूर्वीचे काही राहिले नाही, कुणाला कुठे जायला-यायला मनाई नाही, नवी पाटी लागली, रक्तदान शिबिरे होतात. तर माणसांना मुठीत ठेवणारी मंडळी खरोखर सुधारते, की फक्त सावध होते, असे तुम्ही विचारलेत. तुम्ही माझे मत विचारावे याचे मला आधी नवल वाटले आणि मग थोडी भीती वाटली.

त्याआधी आईचे समाधान करते. फेसबुकवरचा तो फोटो खरा आहे आणि मागची इमारत चर्चचीच आहे, पण मी बाटलेले नाही. घरमालकीण बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना आता गाडी चालवता येत नाही, म्हणून मी त्यांना तीन-चार वेळा सोडायला गेले आणि परत एवढ्या लांब येण्यापेक्षा तिथेच बसले. चांगळेश्वरीचा फोटो माझ्या उशाशी आहे आणि नवरात्रात मी नऊ दिवस दिवा लावला होता. हे सगळे मला सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण ते असो.

या बाईंमुळेच मला तुमच्या प्रश्नावर काही लिहिता येते. त्या विशीत असताना एका चर्चमध्ये गेल्या. त्याचे नाव पुढे 'वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड' झाले. हर्बर्ट आर्मस्ट्राँग नावाच्या गृहस्थाने १९३४ मध्ये रेडिओवरच्या प्रवचनांतून ते सुरू केले आणि १९४७ मध्ये पासाडेनाला येऊन कॉलेज काढले. शनिवार हा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळायचा, नाताळ आणि वाढदिवस करायचे नाहीत, वेगळ्या वंशात लग्न करायचे नाही, डॉक्टरकडे जाणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असे तिथले वळण होते. पैशाचा हिशेब मी बाईंना दोनदा विचारला, तेव्हा मला कळला. उत्पन्नाचा एक दशांश चर्चला द्यायचा, दुसरा सणाच्या प्रवासासाठी बाजूला काढायचा, आणि सात वर्षांच्या फेऱ्यात तिसऱ्या व सहाव्या वर्षी विधवा-गरजूंसाठी आणखी एक दशांश काढायचा. १९७५ च्या सुमारास जगाचा शेवट येईल असा समज पसरला होता, म्हणून बाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी तोवर घरच घेतले नाही. लिपस्टिक एकदा बंद झाली, मग चालू झाली, पुन्हा बंद झाली आणि १९८८ मध्ये कायमची चालू झाली. हे सांगताना बाई हसतात. अजूनही त्या अगदी फिक्या रंगाची, आरशात न पाहता लावतात.

आर्मस्ट्राँग १९८६ च्या जानेवारीत वारले आणि जोसेफ टकाच गादीवर आले. त्यांनी जुनी शिकवण एकेक करून तपासायला घेतली. २४ डिसेंबर १९९४ रोजी अटलांटा येथे त्यांनी भर सभेत सांगितले की शनिवार, दशांश आणि खाण्यापिण्याचे नियम कुणावर बंधनकारक नाहीत. बाबा, मला इथे थांबावेसे वाटते. साठ वर्षे ज्यावर सगळे उभे होते ते चुकीचे होते, असे गादीवरचाच माणूस बोलला आणि त्याची किंमत त्या चर्चने रोख मोजली. निम्म्याहून अधिक लोक निघून गेले, देणग्या आटल्या, कॉलेज १९९७ मध्ये बंद पडले, पासाडेनाची जागा विकावी लागली. बगळ्यांचे शिल्प असलेल्या कारंज्यामागचे ते देखणे सभागृह २००४ पासून दुसऱ्याच चर्चचे आहे. बाई कधी कधी मला तिथून फिरायला नेतात आणि बगळे मोजतात. टकाच १९९५ मध्येच वारले, त्यांचा मुलगा त्यांच्या जागी आला, आणि १९९६ मध्ये त्याने चर्चच्या मासिकात उघड माफी मागितली. ते पान बाईंनी विजेच्या बिलांच्या खणात ठेवले आहे. २००९ मध्ये चर्चने नावही बदलले आणि ते 'ग्रेस कम्युनियन इंटरनॅशनल' झाले.

नाव शेवटी बदलले, हे मला महत्त्वाचे वाटते. पाटीचे मोल येळ्ळूरकरांना कुणी शिकवायला नको. २०१४ च्या जुलैत कर्नाटकातल्या आपल्या गावातली 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' ही पाटी पाडली, लाठ्या पडल्या, पण त्याने गावाच्या मनातले काही पुसले गेले का? पाटी काढून जर मन बदलत नसेल, तर नवी लावूनही ते बदलणार नाही. त्यामुळे आत्याच्या मंडळींनी पाटी कानडीतून आधी लिहिली की मराठीतून, आणि त्यावर थोरल्या महाराजांचे नाव ठेवले की गाळले, यावरून मी काही ठरवणार नाही.

तरी सगळे गोड आहे असे समजू नका. गादी बापाकडून मुलाकडे गेली, ही गोष्ट आपल्याकडच्या कुणालाही खटकेल. शिवाय, आता हुकूम पाळायची गरज नाही हेसुद्धा वरून आलेल्या हुकमानेच सांगितले गेले आणि लोकांनी तेही मुकाट्याने पाळले, असे बाई स्वतः म्हणतात. संस्थापकाचे शेवटचे मोठे पुस्तक चुकीचे म्हणून मागे घेतले, फुटून निघालेल्या एका गटाने ते छापले तेव्हा कोर्टात जाऊन अडवले, आणि शेवटी २००३ मध्ये तडजोड करून त्याच गटाला त्याचे आणि आणखी काही लिखाणाचे हक्क ३० लाख डॉलरला दिले. हे वाचल्यावर मी बाईंना विचारले की याला सुधारणा म्हणायचे का? त्या म्हणाल्या, याला कर्ज फेडणे म्हणायचे. त्यांचे स्वतःचे दशांश अर्थात कुणी परत केले नाहीत. सख्खा भाऊ जुन्या मताच्या एका गटात गेला आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही. म्हणजे आधी चर्चसाठी नातेवाईक तोडले आणि चर्च सुधारले म्हणून भाऊ तुटला.

मग त्या अजून का जातात, हे मला कळत नव्हते. ते तिथल्या जेवणावरून थोडे कळले. ही पद्धत नीट सांगितल्याशिवाय तुम्हाला खरी वाटणार नाही. महिन्यातून एकदा प्रार्थनेनंतर पंगत असते, पण यजमान कुणीच नसतो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा, लांब टेबलावर ठेवायचा, सगळ्यांनी सगळ्यांचे घ्यायचे आणि उरलेले आपले आपण घरी न्यायचे. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपले नाव लिहितात, म्हणजे पातेली बदलत नाहीत. काय आणायचे हे कुणी ठरवत नाही, त्यामुळे एकदा पाच जणांनी बटाट्याचे एकच सॅलड आणले आणि कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मी पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेले आणि शरमले. दुसऱ्यांदा कांदाभजी नेली, ती दहा मिनिटांत संपली. मात्र आग्रह हा प्रकारच नाही. आपल्याकडे पाहुण्याच्या पानात चौथी पोळी पडली नाही तर घरच्यांचे नाक जाते. इथे तुम्ही एकदा नको म्हटले की समोरचा हसून पुढे जातो. आधी मला ते कोरडे वाटले. मग लक्षात आले की मला जेवणाचा आग्रह झाला नाही तसा चर्चमध्ये येण्याचाही कधी झाला नाही. बाई म्हणाल्या, पूर्वी एका शनिवारी गैरहजर राहिले तर 'का आली नाहीस' असे विचारत, आता रविवारी दिसले नाही तर फोन करून 'बरी आहेस ना' असे विचारतात. सुधारणा झाली की नाही हे त्यांनी त्या माफीच्या पानावरून ठरवले नाही, या फोनवरून ठरवले.

बाबा, माझे उत्तर एवढेच आहे. मंडळी सुधारू शकते, मी एक पाहिली आहे, पण तिला ते फार महाग पडले होते. आत्याच्या मंडळींना काय महाग पडले, हे मुलाच्या वडिलांना विचारा. आत्याने १९९८ मध्ये दिलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या आणि अकरा गुंठे यांबद्दल चुकले असे कुणी कधी म्हणाले का? जे सोडून गेले त्यांच्याविषयी त्या घरात कसे बोलतात, तेही चहा पिताना कान देऊन ऐका. आणि गणपतीत आत्याला आठ दिवस येळ्ळूरला बोलवा. तिला कुणाची परवानगी लागली नाही, तिने आपल्या घरचे पाणी घेतले आणि 'का गेलीस' असा एकही फोन आला नाही, तर अश्विनीलाही ते घर जड जाणार नाही. बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा सीमेवरच्या शिनोळीच्या नाक्याशी थांबतो, आपल्याकडे चालत नाही. आत्याच्या वेळी तर तो महाराष्ट्रातही नव्हता.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. २००४ मध्ये आजोबा गेले तेव्हा आत्याला येऊ दिले नाही असे आपण सगळे म्हणतो. ती आली होती. तिरडी उठली तेव्हा मी माळ्याच्या खिडकीत होते आणि ती भाताच्या शेतापलीकडे बांधावर उभी होती, चपला हातात घेऊन. तिने मला पाहिले. मी हात केला नाही, कारण त्या घरात तेव्हा तिचे नाव घेतलेले तुम्हाला चालत नव्हते. अडवणारे तिकडे होते, तसे थोडे इकडेही होते. मी बारा वर्षांची होते हे खरे, पण त्यानंतरची सगळी वर्षे मी बारा वर्षांची नव्हते.

अश्विनीच्या लग्नासाठी, हे ठरो की दुसरे, मी दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत, ते पुढच्या महिन्यात पाठवते. कौले बदलण्याचे वेगळे देईन, त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढू नका. दिवाळीला येणे याही वर्षी जमणार नाही, रजा शिल्लक नाही, आईने रडू नये. माझ्या लग्नाबद्दल आईने पाठवलेली तिन्ही टिपणे मिळाली. तूर्त घाई करू नका. ऑफिसात एक जण ओळखीचा आहे, धारवाडचा आहे, घरी कानडी बोलतात, मराठी त्याला समजते. याहून अधिक सांगण्यासारखे अजून काही नाही आणि काका विचारतील तर हेही सांगू नका.

आत्याला गणपतीचे बोलावणे बाबांनी स्वतः करावे, अश्विनीकडून करवू नये. आत्याचा फोन नंबर अश्विनीकडे आहे. तो दोन वर्षांपासून तिच्याकडे आहे आणि मीच तिला दिला होता, तेव्हा तिला रागावू नका.

तुमची,
वैशाली