व्याजदराच्या बातमीत महागाईचा आकडाही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक संपली की दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत, आणि आपल्याही दैनिकात, ठरलेला मथळा असतो. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, उतरला तर ‘कर्जदारांना दिलासा, ठेवीदारांना फटका’ आणि चढला तर नेमके याच्या उलट. 2025 मध्ये फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार कपातींत रेपो साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला आणि दर वेळी बातमीचा सूर हाच होता. ही बातमी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती अर्धी आहे, आणि अर्धी असल्यामुळे खानदेशातल्या शेतकऱ्याला आणि पेन्शनरला आपल्याच व्यवहाराचा उलटा अर्थ लागतो.

समिती ठरवते तो, किंवा बँकेच्या फलकावर लिहिलेला असतो तो मौद्रिक व्याजदर होय. त्यातून महागाईचा, काटेकोरपणे बोलायचे तर पुढे अपेक्षित असलेल्या महागाईचा, दर वजा केला की वास्तव व्याजदर उरतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी केलेली ही मांडणी आज बारावीचा विद्यार्थीही समजू शकतो. कर्ज घ्यावे की थांबावे, हा निर्णय या उरलेल्या दरावर ठरायला हवा. मध्यवर्ती बँकेच्या हातात मात्र फक्त पहिलाच दर असतो, कारण कर्जाचे आणि ठेवींचे सगळे करार रुपयांत होतात आणि बाजारातले भाव काही समिती ठरवत नाही.

म्हणूनच दर कोणत्या दिशेने गेला एवढ्यावरून धोरण सैल आहे की कडक, हे कळत नाही. एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाई 7.79 टक्के होती आणि रेपो 4 टक्के. मे महिन्यात बँकेने वेळापत्रकाबाहेरची बैठक घेऊन तो 4.40 केला, जूनमध्ये 4.90 केला, आणि ‘कर्जे महागली’ असा गलका झाला. पण वजाबाकी केली तर रेपो तेव्हाही महागाईच्या बराच खाली होता. उलट जानेवारी 2025 मध्ये रेपो साडेसहा आणि महागाई सव्वाचारच्या आसपास, म्हणजे फरक सुमारे सव्वादोन टक्के. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रेपो साडेपाच आणि महागाई अवघी पाव टक्का, म्हणजे फरक सव्वापाच टक्के. एक टक्का कपात होऊनही पैसा या हिशेबाने महागच झाला. एका महिन्याच्या आकड्यावर फार भार टाकू नये हे मान्य करूनही, दिशा तर चुकत नाही.

आता हाच हिशेब कापसाच्या भाषेत मांडतो, कारण आमच्याकडे तोच खरा आहे. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्या तेजीत एखाद्याने साडेदहा टक्क्यांनी सहा लाखांचे ट्रॅक्टरकर्ज सहा वर्षांसाठी घेतले असेल, तर वर्षाचा हप्ता साधारण एक लाख चाळीस हजार होतो, म्हणजे चौदा क्विंटल कापूस. दोन हंगामांनंतर खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतात तेव्हा, भाव सात हजारांच्या आसपास आला, तेव्हा त्याच हप्त्याला वीस क्विंटल लागू लागले. या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वाढला होता हे खरे. पण कर्ज बदलत्या दराचे असते तरी सहा लाखांवर त्याचा बोजा वर्षाला पंधरा हजार, म्हणजे दोन क्विंटलहून थोडा जास्त. बाकीचे सहा क्विंटल भावाने खाल्ले, आणि त्याची नोंद व्याजदराच्या कोणत्याही बातमीत नव्हती.

ऑक्टोबर 2025 मध्ये तर अन्नपदार्थांचा निर्देशांक वर्षापूर्वीच्या तुलनेत सुमारे पाच टक्क्यांनी खाली होता. शेतमालाच्या याच स्वस्ताईमुळे महागाईचा आकडा घसरतो, दरकपातीला वाव मिळतो, आणि ज्याचा माल स्वस्त झाला त्याला आपण ‘दिलासा’ मिळाल्याचे सांगतो. यात रिझर्व्ह बँकेचा दोष मी काढत नाही. देशभरासाठी एकच दर असतो, तो रावेरच्या केळीसाठी वेगळा आणि मुंबईच्या फ्लॅटसाठी वेगळा ठेवता येत नाही.

ठेवीदारांची गोष्ट याच्या उलट आहे. बारा-तेरा टक्के व्याजाच्या आणि साडेपाच वर्षांत दामदुप्पट देणाऱ्या किसान विकास पत्राच्या आठवणी अनेक ज्येष्ठ काढतात. पण 1991-92 मध्ये औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार महागाईही तेरा टक्क्यांच्या वर होती, म्हणजे त्या वर्षी दाम वाढला आणि खरेदीशक्ती जागेवरच राहिली. खरा फटका 2020-21 मध्ये बसला, जेव्हा वर्षाच्या मुदत ठेवीला मोठ्या बँका पाच टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या आणि महागाई 6.2 टक्के होती. त्यावर करपात्र ठेवीदाराला आयकर द्यावा लागतो तो पूर्ण व्याजावर, कारण आयकर खात्याला वास्तव व्याज ठाऊक नाही. याच दिवसांत फलकावरचा मोठा आकडा पाहून पतसंस्थांकडे वळण्याचा मोह होतो. त्या मोहाची किंमत जळगाव जिल्ह्याने पूर्वी मोजलेली आहे.

रेपोचा बदल आमच्या भागात पोहोचतो तरी किती, हाही प्रश्न आहे. ऑक्टोबर 2019 पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांचा दर रेपोसारख्या बाह्य निर्देशकाशी जोडला गेल्याने ते कर्जदार आणि काही प्रमाणात कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, चालणारे जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखानदार) यांना तो जाणवतो. विकासोचे (गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे) तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य पडते, मग रेपो चार असो वा साडेसहा. आणि जो शेकडा दोन रुपये महिन्याने सावकाराकडून उचलतो, त्याचा दर वर्षाला चोवीस टक्के असतो व समितीच्या ठरावाने तो पैशानेही हलत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पतधोरणाच्या बातमीत रेपोशेजारी त्याच चौकटीत आणखी तीन आकडे छापावेत: ताजा किरकोळ महागाई दर, मोठ्या बँकांचा एक वर्षाच्या ठेवीचा दर, आणि जळगाव-धुळे बाजारातला कापसाचा त्या दिवसाचा व वर्षापूर्वीचा भाव. हे आकडे आपल्या कचेरीत एरवीही येतातच. फक्त ते वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले असतात.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षक,
अमळनेर (जि. जळगाव)